महिना तीस दिवसांचा, पैसे वीस दिवसांचे

प्रवेशाच्या याद्या लागल्या, की माझगाव, भायखळा, डोंगरी या पट्ट्यात खाट शोधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फेऱ्या सुरू होतात. घर किंवा खोली हे शब्द येथे उच्चारलेच जात नाहीत. विचारणा होते ती 'कॉट बेसिस'ची. एका खोलीत चार किंवा सहा खाटा, भिंतीतले एक कपाट, सामायिक न्हाणीघर आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावयाचे भाडे, असा हा व्यवहार आहे. जे. जे. रुग्णालयाच्या आवारातील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय, भायखळ्याचे साबू सिद्दिक अभियांत्रिकी महाविद्यालय, धोबीतलावचे सेंट झेवियर्स, चर्चगेटची सिडनहॅम आणि शासकीय विधी महाविद्यालय, मुंबई विद्यापीठाचा फोर्ट परिसर हे सारे येथून बस किंवा लोकलने जवळ. हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकातून एका दिशेला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तर दुसऱ्या दिशेला कलिना संकुलासाठी उतरायचे कुर्ला. कुलाबा किंवा चर्चगेटच्या मानाने भाडे कमी. म्हणूनच महाविद्यालयाच्या वसतिगृहात जागा न मिळालेल्यांचे पाय गोदीच्या या जुन्या वस्तीकडे वळतात.

अशा विद्यार्थ्याविषयी घरोघरी एक समज रूढ आहे. मुलगा किंवा मुलगी मुंबईत गेली, हाती पैसा आला आणि उधळपट्टी सुरू झाली. उधळणारे नसतात असे नाही. पण वीस तारखेनंतर ज्यांच्या खिशात काही उरत नाही, त्यांच्यातील बहुतेकांची अडचण वेगळीच असते. त्यांचा खर्च रोजचा, भाड्याची तारीख ठरलेली आणि पैसा मात्र हप्त्याहप्त्याने, कधी वेळेवर, तर कधी तीन महिने उशिरा येणारा. एकूण रक्कम पुरेशी असूनही महिन्याचा मधला भाग कोरडा जातो, तो या तारखांच्या मेळाअभावी.

मनीऑर्डरचा उलटा प्रवास

या भागाला घरापासून दूर राहणाऱ्यांचा हिशेब नवा नाही. फक्त पैशाची दिशा बदलली आहे. माझगाव गोदी, बंदर आणि पलीकडच्या लालबाग-परळमधील गिरण्या यांत राबणारा कोकणी किंवा घाटावरचा माणूस येथे कमावत असे आणि गावी मनीऑर्डर करत असे. कोकणातील कित्येक घरांच्या चुली या मनीऑर्डरवर पेटत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरणगाव उठले, तेव्हा त्याची झळ थेट गावापर्यंत पोहोचली. टपाल खात्याने २०१५ मध्ये जुनी मनीऑर्डर सेवाही बंद केली. आज पैसा गावाकडून मुंबईकडे येतो. आंब्याच्या हंगामाचा, उसाच्या बिलाचा, शिक्षक किंवा एसटी कर्मचारी असलेल्या पालकाच्या पगाराचा हा पैसा असतो. पगारदाराचा पैसा महिन्याला येतो. शेतकऱ्याचा पैसा वर्षातून एकदा किंवा दोनदा येतो. त्यामुळे एकाच खोलीत शेजारीशेजारी झोपणाऱ्या दोघा विद्यार्थ्यांचे अर्थकारण मुळातच वेगळे असते आणि दोघांना एकच सल्ला लागू पडत नाही.

कमावत्या एकट्या पुरुषांसाठी या शहराने दोन संस्था घडवल्या होत्या. एक गावकीची खोली. गावच्या मंडळाने चाळीत घेतलेल्या एका खोलीत गावचे दहा-वीस जण पाळीपाळीने झोपत, खोलीची वर्गणी देत आणि जेवायला खानावळीत जात. दुसरी संस्था गोवेकरांची 'कूड'. धोबीतलाव, माझगाव परिसरात गोव्यातील एकेका गावाच्या नावाने हे क्लब चालत. बोटीवर चढण्यापूर्वी मुंबईत थांबलेला खलाशी, नोकरीच्या शोधात आलेला तरुण, शिकायला आलेला मुलगा यांना तेथे नाममात्र वर्गणीत आसरा मिळे. प्रत्येकाची एक पेटी, सामायिक वेदी आणि संध्याकाळची प्रार्थना, एवढाच तेथील संसार. काही कुडी आजही तग धरून आहेत. या दोन्ही ठिकाणी राहण्याचा खर्च तर कमी होताच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे एखाद्या महिन्यात पैसे उशिरा आले तरी माणूस रस्त्यावर येत नसे. वर्गणी थकली, तर विचारणारा आणि सांभाळून घेणारा गावचाच असे. खानावळवालीही पगाराच्या तारखेपर्यंत थांबत असे. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली, हा इतिहास सर्वपरिचित आहे.

कॉट बेसिसवर राहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला ही थांबणारी माणसे लाभत नाहीत. भाडे थकले, तर अनामत रकमेतून कापले जाते. डब्याचे पैसे आगाऊ मागितले जातात. सांभाळून घेण्याचे काम आता मोबाइलवरील कर्ज देणारी अ‍ॅप करू लागली आहेत. त्याची किंमत काय, ते पुढे पाहू.

पहिल्या महिन्याचा खड्डा

हिशेब आकड्यांत मांडला, तर चित्र स्पष्ट होते. उदाहरणादाखल समजू, की घरून दरमहा १४ हजार रुपये येतात. खाटेचे भाडे ७ हजार, दोन वेळच्या डब्याचे साडेतीन हजार, लोकल-बस आणि मोबाइल मिळून ७०० रुपये. उरले २ हजार ८००. म्हणजे दिवसाला ९३ रुपये. चहा, नाश्ता, झेरॉक्स, साबण, औषध, रविवारी डबा नसतो तेव्हाचे जेवण हे सारे या ९३ रुपयांत बसवायचे. पहिल्या दहा दिवसांत, खिशात पैसे दिसत असल्याने, १ हजार ८०० रुपये खर्च झाले, तर उरलेल्या वीस दिवसांसाठी दिवसाला ५० रुपये राहतात. उधळपट्टी म्हणावी असे यात काहीच घडलेले नाही.

पण खरा खड्डा याच्याही आधी पडलेला असतो. दोन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून १४ हजार, पहिल्या महिन्याचे भाडे ७ हजार, डब्याचे आगाऊ साडेतीन हजार आणि गादी, बादली, कुलूप, एक्स्टेन्शन बोर्ड यांचे अडीच हजार. बेरीज २७ हजार. महिन्याच्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट पैसे पहिल्याच आठवड्यात जातात, तेही महाविद्यालयाचे शुल्क नुकतेच भरलेले असताना. ही रक्कम घरातून वेगळी आली नाही आणि मासिक पैशांतूनच भरली गेली, तर तो तोटा दिवाळीपर्यंत पाठ सोडत नाही. त्यामुळे पालकांनी शुल्काइतकीच तजवीज या पहिल्या आठवड्याची करणे आवश्यक ठरते. अनेक घरांत ती होत नाही, कारण प्रवेशाच्या माहितीपत्रकात या खर्चाचा उल्लेख कोठेच नसतो.

अनामत रकमेबाबत विद्यार्थी सर्वाधिक गाफील असतात. अकरा महिन्यांचा करार असेल, तर नोंदणीची गरज नाही, हा मुंबईत पसरलेला समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नाही, तर अटींबाबत वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. खाटेच्या व्यवहारात नोंदणी क्वचितच होते, हे वास्तव आहे. अशा वेळी निदान अनामत रक्कम रोखीने न देता बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी, शेऱ्यात 'अनामत' असा शब्द लिहावा आणि ती कधी परत मिळणार, हे मालकाकडून संदेशाद्वारे लिहून घ्यावे. रंगरंगोटीच्या नावाखाली होणारी कपात रोखण्यासाठी राहायला येण्याच्या दिवशी खोलीची छायाचित्रे काढून ठेवणेही उपयोगी पडते.

भाड्यावर जीएसटी मागणारेही काही जण भेटतात. दरमहा प्रतिव्यक्ती २० हजार रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला जुलै २०२४ पासून या करातून सूट आहे. राज्याच्या जीएसटी विभागाचे मुख्यालय माझगावातच आहे. त्याच्या सावलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला ही सूट ठाऊक नसावी, हे नवल.

शिष्यवृत्ती आहे, पण कधी?

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारने २०१६-१७ मध्ये भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. मुंबईसारख्या शहरासाठी योजनेच्या आखणीत वर्षाला भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार, असे ६० हजार रुपये धरलेले आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर आर्थिकदृष्ट्या मागास घरांतील मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अटी वेगवेगळ्या आहेत. उत्पन्नाचा दाखला, स्थानिक रहिवासी नसणे, हजेरी यांची पूर्तता करावी लागते.

साठ हजार ऐकायला मोठे वाटतात. महिन्याला ते ५ हजार होतात. त्यातील निवासाचे १ हजार ६६७ रुपये आणि भोजनाचे २ हजार ६६७. वरील उदाहरणातील भाडे व डबा यांची बेरीज साडेदहा हजार आहे. म्हणजे योजना निम्म्याहून कमी भार उचलते. तरीही तो भार उचलला जाणे ज्या घराला अत्यावश्यक आहे, त्या घरातील विद्यार्थ्याची खरी अडचण तारखेची आहे. अर्ज, पडताळणी, निधीची उपलब्धता या पायऱ्या ओलांडून पैसे खात्यात येईपर्यंत सत्र संपत आलेले असते आणि घरमालक सत्र संपण्याची वाट पाहत नाही. हप्ते वेळेवर मिळावेत, या मागणीसाठी विद्यार्थी संघटनांना वारंवार आंदोलने करावी लागली आहेत. योजनेची रक्कम वाढवण्याइतकेच ती भाड्याच्या तारखेला देणे महत्त्वाचे आहे, हे प्रशासनाला पटायला हवे.

तोपर्यंत विद्यार्थ्याच्या हाती एक गोष्ट आहे. थेट लाभाचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. अनेक खाती असतील, तर थेट लाभासाठी जे खाते शेवटी जोडले गेले, त्यातच रक्कम पडते. शाळेत असताना गावच्या बँकेत उघडलेले आणि आता व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेले खाते जोडलेले असले, तर मंजूर झालेली रक्कमही अडकते. मुंबईत आल्यावर पहिल्या महिन्यातच कोणते खाते जोडलेले आहे, ते बँकेत विचारून घ्यावे. येणारी शिष्यवृत्ती महिन्याच्या खर्चात धरू नये. ती आली, की मागच्या महिन्यांत घरच्यांनी किंवा मित्रांनी भरलेले पैसे फेडण्यासाठी आणि पुढच्या वर्षीच्या अनामतीसाठी राखावी.

मुलींसाठी २०२४-२५ पासून आणखी एक बदल झाला. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. यामुळे मुंबईत शिकण्याची हिंमत अधिक घरे करू लागतील. मात्र शुल्क माफ झाले, तरी खाट आणि डबा माफ झालेला नाही. अशा घरांत आता राहण्याचा खर्च हाच शिक्षणाचा मुख्य खर्च ठरतो.

दरमहा मिळणाऱ्या निश्चित रकमेचे मोल याच गिरणगावाने पाहिलेले आहे. परळच्या बीआयटी चाळीत राहणारे भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या, तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर. रक्कम ठरलेली, मुदतही ठरलेली. १९२० मध्ये अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी ते लंडनला परतले, तेव्हा असा मासिक आधार नव्हता. म्हणून आधी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी बचत केली, शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि मगच बोटीत पाऊल ठेवले. पैशाचा ओघ नसेल, तर साठा हवा, हा साधा हिशेब त्यामागे होता. हंगामी उत्पन्नाच्या घरातून आलेल्या आजच्या विद्यार्थ्यालाही तोच लागू पडतो. उसाचे बिल आले, की सहा महिन्यांचे भाडे आणि डब्याचे पैसे वेगळ्या खात्यात टाकून रोजच्या खर्चाच्या खात्यात फक्त महिन्यापुरते वळते करावेत. घरच्यांच्या खात्यातून मर्यादेत खर्च करू देणारी 'यूपीआय सर्कल'ची सोयही २०२४ मध्ये सुरू झाली आहे. मात्र प्रत्येक वडापावचा संदेश गावी वडिलांच्या मोबाइलवर जावा, हे किती मुलांना रुचेल, हा प्रश्नच आहे.

पाच हजारांचे कर्ज

वीस तारखेनंतरच्या कोरड्या दिवसांत मोबाइलवरील कर्जाच्या जाहिराती मोहक वाटतात. पाच हजारांचे कर्ज, पंधरा दिवसांची मुदत, व्याज नाही, फक्त ५०० रुपये प्रक्रिया शुल्क. ते शुल्क आधीच कापले जाते. हाती येतात ४ हजार ५०० आणि फेडायचे असतात ५ हजार. साडेचार हजारांवर पंधरा दिवसांत ५०० म्हणजे ११ टक्क्यांहून अधिक. वर्षाच्या हिशेबाने हा दर सुमारे २७० टक्के होतो. पठाणी व्याज हा शब्दही येथे सौम्य वाटावा. शिवाय पुढच्या महिन्याचे १४ हजार आले, की त्यातून आधी ५ हजार जातात आणि नवा महिना वीस दिवसांचाही उरत नाही. दुसरे कर्ज घेतले जाते ते येथे.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम घालून दिले. कर्जाचा एकूण वार्षिक खर्च आधी लेखी सांगणे, रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात देणे, ठरावीक काळात दंडाविना कर्ज परत करण्याची मुभा ठेवणे आणि कर्जदाराच्या मोबाइलमधील संपर्क यादी व छायाचित्रांना हात न लावणे, ही त्यातील प्रमुख बंधने. बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेचे नाव न सांगणारे अ‍ॅप टाळावे. नातेवाईकांना फोन करून बदनामीच्या धमक्या येत असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी आणि घरी सांगावे. घरी सांगण्याची लाज हेच वसुली करणाऱ्यांचे खरे तारण असते.

मोठ्या खर्चासाठी शैक्षणिक कर्जाचा मार्ग आहे आणि त्यात वसतिगृहाचा, बाहेर राहावे लागल्यास बँकेला वाजवी वाटेल इतका निवास-भोजनाचा खर्चही धरता येतो. ही बाब कित्येक पालक अर्ज करताना विचारतच नाहीत. हप्ते साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. आज अ‍ॅपचे छोटे कर्ज थकले, तर त्याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे राहते आणि उद्या पदव्युत्तर शिक्षणाचे कर्ज मागताना तीच आडवी येते.

प्रवासाच्या बाबतीत विद्यार्थ्यांना बरीच सवलत आहे. महाविद्यालयाचा अर्ज भरून घेतल्यास लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या पासावर सर्वसाधारण प्रवर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के सूट मिळते. सुट्टीत गावी जाण्याच्या रेल्वे तिकिटावरही अशीच सवलत आहे. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपयांवर गेले, तेव्हापासून जवळच्या अंतरासाठी पायी जाणारे वाढले असतील, तर आश्चर्य नाही. जुनी पुस्तके माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथावर मिळतात. आजारपणात जे. जे. किंवा नायर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची रांग लांब असते, पण खासगी दवाखान्याच्या एका भेटीत आठवड्याचा नाश्ता जाऊ शकतो. शिकवणी घेऊन किंवा दुकानात अर्धवेळ काम करून चार पैसे मिळवणाऱ्यांनी हजेरीची अट विसरू नये. शिष्यवृत्ती त्याच हजेरीवर टिकून असते.

एप्रिल-मेचा हिशेब वेगळा करावा लागतो. परीक्षा संपते, विद्यार्थी गावी जातो, डबा बंद होतो, पण खाट राखायची तर भाडे चालूच राहते. उदाहरणातील दराने दोन महिन्यांचे १४ हजार, म्हणजे नेमके अनामत रकमेइतके. पुढच्या वर्षी तीच जागा हवी की नाही, हे मार्चमध्येच ठरवावे. नको असेल, तर मार्चच्या अखेरीस मालकाला महिन्याची लेखी सूचना द्यावी, एप्रिलचे भाडे नेहमीप्रमाणे भरावे आणि खोली सोडताना विजेच्या मीटरचे छायाचित्र घेऊन अनामत परत मागावी. हवी असेल, तर सुट्टीतील भाडे निम्मे करण्याविषयी मालकाशी बोलून पाहावे. मे महिन्यात नवा भाडेकरू मिळणे त्यालाही अवघड असते. खोलीतील चौघांनी मिळून हे बोलणे केले, तर तडजोड होण्याची शक्यता अधिक.